९ डिसेंबर १९७१, खुकरीवर

मोबाइलच्या पडद्यावर तुझी पाणबुडी साठ मीटर खोल थांबली आहे. समोरच्या फ्रिगेटची दिशा, अंतर, वेग, सगळं तू भरलंस. टॉर्पेडो तिच्या पोटाला धडकवायचा नाही, किलीखाली, म्हणजे तळाच्या कण्याखाली फोडायचा, हे खेळानं तुला शिकवलंय. तू बोट दाबतोस. फ्रिगेटच्या डोक्यावरची हिरवी पट्टी लाल होते, मग रिकामी होते. कोपऱ्यात बुडालेल्या टनांचा आकडा वाढतो. तुझ्या वांगणी गावापासून समुद्र डोंगरांपलीकडे आहे, आणि बाहेर मिट्ट काळोख आहे.

आता मोबाइल ठेव. मी तुला चोपन्नेक वर्षं मागं नेतो.

डोंगर तेच आहेत. जिल्हा अजून ठाणे आहे, पालघर व्हायला फार अवकाश आहे. नागली-वरई कापून खळ्यावर आली आहे. भारत-पाकिस्तान लढाईचा सातवा दिवस. दिवे विझवण्याचा हुकूम मुंबईला आहे. इथं विझवायला दिवेच नाहीत. कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर कराचीवरच्या हल्ल्याची बातमी चालू आहे. त्या आवाजामागे तुला जायचं नाही. डोंगर उतर, किनारा ओलांड आणि वायव्येला, दीवच्या दिशेनं खोल पाण्यावर ये.

तू आयएनएस खुकरीवर उभा आहेस. ब्रिटिश बनावटीची, ब्लॅकवुड वर्गाची फ्रिगेट, पाणबुड्यांच्या शिकारीसाठीच बांधलेली. सोबत तिच्याच वर्गाची किरपाण आहे. कुठार याच तुकडीतली, पण तिच्या बॉयलर रूममध्ये स्फोट झाला आणि किरपाणनं तिला ओढत मुंबईला पोचवलं. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्याकडे तुकडीचीही सूत्रं आहेत. काल, ८ तारखेला, तुम्ही मुंबई सोडली, कारण एका पाकिस्तानी पाणबुडीचे बिनतारी संदेश पकडले गेले आणि ती या भागात असल्याचं कळलं.

सोनारच्या खोलीत ये. इथं अंधूक उजेड आहे. ऑपरेटर कानांवर हेडफोन लावून बसला आहे. पाण्यात आवाजाची ठिणगी जाते आणि सगळे परतीच्या आवाजाची वाट पाहतात. तो येत नाही, पुन्हा ठिणगी जाते. तुझ्या खेळात शत्रू एक लाल ठिपका असतो. इथं शत्रू म्हणजे न आलेला प्रतिध्वनी. वरचं पाणी दिवसभर तापतं, खालचं गार राहतं, आणि त्या दोन थरांच्या सीमेवर आवाज वाकतो. सीमेखाली गेलेली पाणबुडी जहाजाला सहजी ऐकू येत नाही; जहाजाच्या पंख्यांची आणि इंजिनाची घरघर मात्र तिला दूरवरून ऐकू येत राहते.

हीच उणीव कमी करायला तरुण लेफ्टनंट जैन या खोलीत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करून त्यानं सोनारचा पल्ला वाढवणारी जोडणी तयार केली आहे. तिची चाचणी लढाईतच चालू आहे, आणि चाचणीसाठी जहाज हळू हवं. वेग बारा नॉटच्या आसपास आहे. खुकरी त्याच्या दुपटीहून जास्त वेगानं धावू शकते. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म इथंच आहे: अधिक दूरचं ऐकायचं असेल तर स्वतःचा आवाज कमी करावा लागतो, आणि आवाज कमी करायला वेग सोडावा लागतो. वेग सोडलेलं जहाज पाणबुडीला हवं ते देतं. मुल्लांनी हा धोका अजाणता पत्करला नव्हता. ज्याला ऐकूच येत नाही, त्या जहाजाला शिकार कशी करता येणार?

आता पाण्याखाली जा. ती पाकिस्तानी पाणबुडी म्हणजे हंगोर, फ्रेंच बनावटीची, डॅफ्ने वर्गाची. कप्तान कमांडर अहमद तस्नीम. लढाई सुरू होण्याआधीच ती आपल्या किनाऱ्याजवळ आली होती. भारतीय ताफा तिच्या जवळून गेला तेव्हा हल्ल्याचा हुकूम नव्हता. पुढे वातानुकूलन बिघडलं, तेव्हा मासेमारीच्या बोटीसारखे दिवे लावून ती पृष्ठभागावर थांबली आणि दुरुस्ती केली. आज सकाळपासून तिला दोन जहाजांचे आवाज ऐकू येत आहेत. पाण्याखाली तिचा वेग कमी, बॅटरी मोजकी. मागं लागून ती त्यांना गाठू शकत नाही. पण दोन्ही जहाजं ठरावीक आयताकृती फेऱ्यांनी शोध घेत आहेत. तस्नीम ती रेषा ओळखतो आणि पाठलाग सोडून तिच्या वाटेवर जाऊन थांबतो. तुझ्या खेळात याला तू डाव म्हणशील. इथं तो अनेक तासांचा संयम आहे, आणि शिकाऱ्याची रीत ठरावीक झाली की ती सावजाला पाठ होते.

संध्याकाळ सरते. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवेल. पेरिस्कोपमधून काही दिसत नाही. तस्नीम पाणबुडी पुन्हा खोल नेतो आणि केवळ आवाजावर नेम धरतो. पहिला टॉर्पेडो किरपाणवर. तो जहाजाखालून निघून जातो, फुटत नाही. वर खुकरीवर पावणेनऊच्या बातम्या ऐकत बरेच जण बसले आहेत. दुसरा टॉर्पेडो आवाजाचा माग काढत येतो आणि फुटतो.

आता किलीखालच्या स्फोटाविषयी तुला नीट सांगायला हवं, कारण पट्टी रिकामी होणं आणि जहाज मोडणं यांत फार अंतर आहे. बाजूला बसलेला टॉर्पेडो भोक पाडतो. पाणी कप्प्यात भरतं, दारं बंद करून ते थोपवता येतं. किलीखाली फुटलेला टॉर्पेडो वायूचा प्रचंड फुगा तयार करतो. तो जहाजाचा मधला भाग वर उचलतो. मग फुगा आक्रसतो, मधल्या भागाखालचा आधार जातो, दोन्ही टोकं पाण्यावर टेकलेली आणि मध्ये पोकळी. सगळा भार किलीवर येतो आणि ती मोडते. २०१० साली दक्षिण कोरियाचं चेओनान हे युद्धजहाज पाण्याखालच्या अशाच स्फोटानं दोन तुकडे होऊन बुडालं. तस्नीमच्या सांगण्याप्रमाणे खुकरीवरचा स्फोट दारूगोळ्याच्या कोठाराखाली झाला.

दिवे जातात. जमीन उजवीकडे कलते. तुझ्या खेळात इथं वरून दृश्य दिसतं, आग, धूर, टनांचा आकडा. तू मात्र आत आहेस. खालच्या मजल्यावरून वर जायचे मार्ग मोजके आहेत, अंधारात माणसं त्यांवर कोंबली जातात आणि शिडी आता भिंत झाली आहे. दोनेक मिनिटांत खुकरी पाण्याखाली जाते. वाचलेल्यांनी पुढे सांगितलं, की मुल्ला ब्रिजवरून माणसांना समुद्रात उड्या मारायला लावत होते आणि स्वतःचा जीवनरक्षक पट्टा त्यांनी एका नाविकाला दिला. ते जहाजासोबत गेले. मरणोत्तर महावीरचक्र त्यांना मिळालं.

तू पाण्यात आहेस. तेलानं डोळे चुरचुरतात. लांबवर किरपाण दिसते. ती तुझ्याकडे का येत नाही, हा प्रश्न तुझ्या मनात येणारच, आणि त्याचं उत्तर कडू आहे. तिची पाणबुडीविरोधी तोफ बिघडली आहे. ज्या पाणबुडीनं खुकरी मोडली ती जवळच आहे, आणि माणसं उचलायला थांबलेलं जहाज हे तिच्यासाठी सोपं लक्ष्य. तिसरा टॉर्पेडो किरपाणमागे सुटलेलाच आहे. तिचा कप्तान वेग वाढवतो, वळणं घेत निघून जातो. या निर्णयावर पुढे बरीच चर्चा झाली. मला त्यात भित्रेपणा दिसत नाही. थांबली असती तर दुसरं जहाज आणि दुसऱ्या जहाजातली माणसंही गेली असती; निघून गेली म्हणून ती सकाळी परतली. आयएनएस कच्छलसोबत तिनं पाण्यातून सदुसष्ट जणांना उचललं.

१८ अधिकारी आणि १७६ नाविक परतले नाहीत. लेफ्टनंट जैनही नाही.

त्यानंतर हंगोरचा शोध काही दिवस चालला, विमानं आणि हेलिकॉप्टरं फिरली, पाण्यात दारूगोळा टाकला गेला. ती निसटली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं युद्धनौका बुडवण्याची ही पहिली वेळ होती. पुढची १९८२ मध्ये, फॉकलंडच्या युद्धात. आणि पाणबुडीच्या अशा डावपेचांचं उत्तर जहाजाच्या बाहेर होतं. हवेत थांबलेलं सीकिंग हेलिकॉप्टर सोनार तारेवर लोंबकळवत पाण्यात सोडतं, थेट खालच्या गार थरात. ते स्वतः हवेत राहतं, म्हणून पाण्यातला टॉर्पेडो त्याला गाठू शकत नाही. खुकरीच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवायला जागाच नव्हती. १९८९ मध्ये माझगाव डॉकनं बांधलेली तिच्याच नावाची नवी कॉर्व्हेट नौदलात आली तेव्हा तिच्या मागच्या भागात ती जागा होती.