दडवलेले रोगी

उरणच्या रस्त्यावरच्या कंटेनरच्या रांगा आम्हा नवी मुंबईकरांच्या सवयीच्या. पण कंटेनरना संगणकातला विषाणूही अडवू शकतो, हे २७ जून २०१७ ला कळले. न्हावा-शेवा बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल त्या दिवशी ठप्प झाले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेला 'नॉटपेट्या' मर्स्कच्या संगणकांत शिरला होता. मर्स्कने ते जाहीर केले, पुढे २५ ते ३० कोटी डॉलरच्या नुकसानीचा अंदाजही दिला.

सगळेच असे सांगत नाहीत. बँकेला ठेवीदारांची धास्ती, कंपनीला शेअर पडण्याची.

मला यावरून प्लेग आठवतो. (अनुभवलेला नव्हे, वर्गात शिकवलेला!) १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोऱ्या सोल्जरांनी घरोघर झडत्या घेतल्या. लोक काय करू लागले? आजारी माणसे लपवू लागले. ज्या बातमीसाठी हा खटाटोप, तीच मिळेनाशी झाली.

आज ही बातमी गोळा करते सर्ट-इन ही सरकारी संस्था. ती २००४ पासून आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीने, कलम ७०-ब खाली, तिला अधिकार मिळाले. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने संगणकावरचा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे सक्तीचे झाले. अमेरिकेने २०१५ च्या कायद्यात वेगळी वाट धरली होती: कळवणे ऐच्छिक, आणि कळवणाऱ्या कंपनीला कोर्टकचेरीपासून संरक्षण.

सहा तासांची सक्ती मला चुकीची वाटत नाही. एकाकडे शिरलेला विषाणू शेजाऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. सर्ट-इन सावधगिरीच्या सूचनाही काढते. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे विषय सोडून, तिला माहिती अधिकारातून वगळले गेले. कळवलेल्या बातमीचे पुढे काय झाले, हे विचारायची आपली वाट अरुंद झाली.

खबर देणाऱ्याचे पुढे काय होते, हे बाकीचे पाहत असतात. १८९७ मध्येही पाहत होते. असो. आपल्या नात्यातली कितीतरी मुले बँकांत, संगणक कंपन्यांत आहेत. सहा तासांत फोन उचलायला त्यांचे साहेब धजावतात का, हे त्यांनीच सांगावे.