हवेवर तोललेलं छप्पर

सायकलच्या ट्यूबमधली हवा माणसाला पेलते, हे मुलांना पटवावं लागत नाही. पण खांब, तुळई, कमान यांपैकी काहीही न वापरता दहा एकरांचं छप्पर नुसत्या हवेवर उभं करता येईल का, असं विचारलं तर वर्ग दोन तट पाडून भांडू लागतो. आम्ही हा प्रश्न शिक्षकांच्या शिबिरातही विचारून पाहिला आहे. तिथेही तटच पडतात!

असं छप्पर खरोखर होतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पाँटिॲक नावाचं मोटार कारखान्यांचं गाव आहे. तिथे १९७५ च्या ऑगस्टमध्ये ऐंशी हजार प्रेक्षकांचं बंदिस्त क्रीडागार उघडलं. खर्च आला ५ कोटी ५७ लाख डॉलर. पुढच्या वर्षी त्याचं नाव 'सिल्व्हरडोम' पडलं. छत होतं काचतंतूंच्या कापडाचं, वरून टेफ्लॉनचा लेप दिलेलं. कापडावरून पोलादी दोर तिरपे-आडवे ताणलेले होते आणि आत मोठमोठे पंखे सतत हवा ढकलत असत. बस्स, इतकंच.

आता थोडं गणित करू. अशा छतांखाली बाहेरच्यापेक्षा दोन-अडीचशे पास्कल जादा दाब ठेवतात. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल, म्हणजे ही वाढ जेमतेम पाव टक्का. सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून जमिनीवर उतरलो तरी आपल्यावरचा दाब साधारण एवढाच वाढतो. कानालाही कळत नाही. पण क्षेत्रफळ केवढं? दहा एकर म्हणजे सुमारे चाळीस हजार चौरस मीटर. २५० ला ४०,००० ने गुणा. एक कोटी न्यूटन येतात, म्हणजे हजार टनांचं वजन उचलणारं बल. दाब आणि बल यांतला फरक शिकवताना याहून चांगलं उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही.

हाच दाब वर्गात दाखवायचा तर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी पुरे. तिच्यात रंगीत पाणी भरा आणि एका टोकाला हलकेच फुंका. दोन बाजूंच्या पातळीत अडीच सेंटिमीटरचा फरक पडला की झालं: तुमच्या गालात सिल्व्हरडोमची हवा आहे. आणखी एक गंमत. नळीतलं एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक किलो भार. पंचवीस मिलिमीटर म्हणजे पंचवीस किलो, दुकानातलं तांदळाचं एक पोतं. दर चौरस मीटरवर एक पोतं, एवढीच त्या छताची ताकद. कापडाचं आणि दोरांचं वजनही त्यातूनच वजा करायचं.

ही कल्पना प्रत्यक्षात आणली डेव्हिड गायगर या अभियंत्याने. १९७० मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनावर त्याने असं छत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरलं. पोलादी सांगाड्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडे. आत शिरायला फिरते दरवाजे असत, म्हणजे एक कप्पा उघडा असताना दुसरा बंदच राहतो आणि हवा निसटत नाही. साधं दार उघडलं तर बाहेर पडणाऱ्याला वारा मागून ढकलत असे.

पण मिशिगनमध्ये बर्फ पडतो. ताजा भुसभुशीत बर्फ पाण्याच्या दशांश वजनाचा असतो. पंचवीस सेंटिमीटरचा थर साचला की तो पंचवीस मिलिमीटर पाण्याइतका होतो, म्हणजे आपलं पोतं भरलं! ओला बर्फ तर त्याच्या निम्म्या जाडीतच पोतं भरतो. त्यावर उपाय म्हणजे पंख्यांचा जोर वाढवायचा आणि गरम हवा सोडून बर्फ वितळवायचा. यात एक मेख आहे. छत एका जागी किंचित दबलं की आजूबाजूचं पाणी आणि चिखलासारखा बर्फ तिकडेच धावतो. खळगा जड होतो, आणखी खोल जातो, आणखी पाणी ओढतो. भार सगळीकडे सारखा पसरलेला असेल तोवरच आपलं गणित खरं. ४ मार्च १९८५ ला ओल्या बर्फाखाली छत असंच बसलं आणि फाटलं. तिथे खेळणाऱ्या 'पिस्टन्स' या बास्केटबॉल संघाला उरलेल्या हंगामासाठी डेट्रॉइटला जावं लागलं. मिनीआपोलिसच्या अशाच छताची २०१० च्या डिसेंबरमध्ये तीच गत झाली. तिथे आतले कॅमेरे चालू होते, त्यामुळे बर्फाचा लोट खाली कोसळताना जगाने पाहिला.

१९९४ च्या विश्वचषक फुटबॉलची गोष्ट आम्हाला विशेष आवडते. सामने खऱ्या गवतावरच हवेत, असा नियम होता. पण त्या कापडातून जेमतेम दहावा हिस्सा उजेड आत येई, तेवढ्यात गवत तग धरणार कसं? मिशिगन राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी षटकोनी तबकांत गवत बाहेर उन्हात वाढवलं आणि सामन्यांच्या आधी ती तबकं आत आणून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी फट न ठेवता जुळवली. १८ जून १९९४ ला अमेरिका आणि स्वित्झर्लंड तिथे खेळले. सामना १-१ बरोबरीत सुटला. विश्वचषकाचा छताखाली खेळला गेलेला हा पहिला सामना. खेळाडू मात्र उकाड्याने हैराण झाले, कारण कापडाखालची ती जागा उन्हाळ्यात काचघरासारखी तापे आणि वातानुकूलन नव्हतं.

हे सारं पाँटिॲकसारख्या गावात कशासाठी? १९६७ च्या दंगलींनंतर डेट्रॉइटमधली पैसेवाली, मुख्यतः गोरी, कुटुंबं उपनगरांकडे आणखी वेगाने निघाली होती. प्रेक्षक गेले तिकडे संघही गेले. कारखान्यांवर जगणाऱ्या पाँटिॲकला वाटलं, क्रीडागाराने गावाचं भाग्य उजळेल. पण संघ ते भाडेकरूच. 'पिस्टन्स' १९८८ मध्ये जवळच्याच ऑबर्न हिल्समधल्या नव्या 'पॅलेस'मध्ये गेले. अमेरिकन फुटबॉलचा 'लायन्स' संघ २००२ मध्ये डेट्रॉइट शहरात परतला. पंखे, वीज आणि डागडुजी यांचा खर्च नगरपालिकेकडे राहिला. आम्हाला यात अन्याय दिसतो. सांगाड्याचं छत रिकामं पडलं तरी उभं राहतं, हवेच्या छताला मात्र गिऱ्हाईक नसतानाही रोज पोसावं लागतं. बांधताना वाचलेला पैसा असा हप्त्याहप्त्याने परत द्यावा लागला, आणि तोही करदात्यांना.

२००९ मध्ये गावातला मोटारींचा मोठा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी, राज्याने नेमलेल्या वित्त प्रशासकाच्या कारभारात, सिल्व्हरडोमचा लिलाव झाला. किंमत आली ५ लाख ८३ हजार डॉलर. मूळ खर्चाच्या सुमारे एक टक्का, तोही महागाई न धरता. नव्या मालकाने काही सामने भरवले, पण २०१३ पर्यंत हवा काढलेल्या छताच्या चिंध्या झाल्या होत्या आणि मैदानावर पाऊस पडत होता.

३ डिसेंबर २०१७ ला सुरुंग लावून ते पाडायचं ठरलं. लोक जमले, स्फोट झाले, धूर उडाला आणि इमारत होती तिथेच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग उडवले तेव्हा वरचा मजला खाली आला. 'पिस्टन्स'ही २०१७ मध्येच डेट्रॉइट शहरात परतले होते. त्यांचा 'पॅलेस' २०२० मध्ये पाडला गेला. सिल्व्हरडोमच्या जागेवर आता ॲमेझॉन कंपनीची गोदामं आहेत. त्यांची छपरं पोलादी खांबांवर आहेत.