कत्याल नावाचा माणूस नव्हता

कुवेतमधल्या एखाद्या मराठी घरात शुक्रवारची जेवणं उरकली आणि चहा येईपर्यंत कुणी ‘एअरलिफ्ट’चं नाव काढलं, की दुपार गेलीच म्हणून समजा. चित्रपट २२ जानेवारी २०१६ला आला, त्यानंतर कितीतरी नवे आले आणि गेले, पण या वादाला अजून धार आहे. एक बाजू म्हणते, अक्षय कुमारने याहून चांगलं काम आयुष्यात केलेलं नाही. दुसरी म्हणते, काम चांगलं असेल हो, पण असं काही घडलंच नव्हतं. आणि खोलीत १९९० स्वतः पाहिलेले कुणी काका असतील, तर ते या दोन्ही बाजूंकडे बघत सुपारी कातरत बसतात.

तुम्ही न्यू जर्सीत असा, सिडनीत असा की मस्कतला, हा वाद तुमचाही आहे. परदेशात घर केलेल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न दबून असतो: इथे उद्या काही विपरीत झालं तर आपल्याला न्यायला कोण येईल? ‘एअरलिफ्ट’ने या प्रश्नाचं एक उत्तर दिलं. इतिहासाचं उत्तर वेगळं आहे, आणि ते जास्त अवघड आहे.

आधी चित्रपटाबद्दल. राजा कृष्ण मेनन यांचं दिग्दर्शन. अक्षय कुमारने केलेला रणजीत कत्याल हा कुवेतमधला श्रीमंत उद्योजक, स्वतःला भारतीय म्हणवून घ्यायला फारसा उत्सुक नसलेला. इराकी फौजा घुसतात, ड्रायव्हर डोळ्यांदेखत मारला जातो, आणि हा माणूस बदलतो. स्वतःचं कुटुंब घेऊन निसटायचं सोडून तो एक लाख सत्तर हजार भारतीयांची जबाबदारी अंगावर घेतो. दिल्लीत सगळे ढिम्म. कुमुद मिश्राने केलेला संजीव कोहली नावाचा एकच अधिकारी फायलींमधून वाट काढत राहतो.

अभिनयाचं म्हणाल, तर अक्षय कुमारच्या बाजूने बोलणाऱ्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. त्याने आवाज खाली ठेवला आहे, हाणामारी जवळजवळ टाळली आहे, आणि पिकलेल्या दाढीमागे भीती दिसू दिली आहे. ज्याच्या नावावर लोक तिकीट काढतात अशा नटाने घाबरलेलं दिसायला तयार असणं सोपं नाही. वाद खरा रंगतो तो इनामुल हकच्या इराकी मेजरवरून. ती अडखळती, गोडगोड हिंदी काहींना थट्टा वाटते, काहींना त्या गोडव्याचीच भीती वाटते. मी दुसऱ्या गटातला. हाच नट ‘फिल्मिस्तान’मध्ये सीमेपलीकडचा सिनेमावेडा झाला होता, हे आठवलं की त्याची रेंज कळते.

चोखंदळ रसिकांसाठी एक गंमत: चित्रपटाच्या सुरुवातीच्या मेजवानीतलं ‘दिल चीज़ तुझे देदी’ हे गाणं खालेदच्या ‘दीदी’वर बेतलेलं आहे. ‘दीदी’ आलं १९९२मध्ये. मेजवानी आहे ऑगस्ट १९९०ची. पण हा दोष कुणी मनावर घेत नाही, आणि घेऊही नये. मनावर घ्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

२ ऑगस्ट १९९०च्या पहाटे इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि दोन दिवसांत देश ताब्यात गेला. अमीर सौदी अरेबियात गेले. विमानतळ बंद, बँका बंद. थोड्याच दिवसांत इराकने कुवेती दिनार आणि इराकी दिनार एकाच किमतीचे ठरवले. म्हणजे वीस वर्षं घासून साठवलेली शिल्लक एका हुकमाने मातीमोल. अनेकांचे पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, आणि मालक देशाबाहेर. सुटायचा मार्ग जमिनीवरून: बसरा, तिथून बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सरहद्द आणि मग अम्मान. भर ऑगस्टमध्ये, हजार किलोमीटरहून जास्त. जॉर्डनच्या सीमेवर नुसत्या तंबूंच्या वस्त्या उभ्या राहिल्या होत्या.

कुवेतमध्ये लोकांनीच एक समिती उभी केली. टोयोटाच्या वितरकाकडे मोठ्या हुद्द्यावर असलेले मथुन्नी मॅथ्यूज, ज्यांना सगळे ‘टोयोटा सनी’ म्हणत, आणि हरभजनसिंग वेदी ही त्यातली ठळक नावं. याद्या करणं, बस मिळवणं, लोकांना निवारा देणं, इराक्यांशी बोलणं, ही कामं त्यांनी आणि आज नावही उरलेलं नाही अशा कितीतरी जणांनी केली. चित्रपटातला कत्याल म्हणजे या दोघांची सरमिसळ. कत्याल नावाचा माणूस नव्हता.

आता दुसरी बाजू. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्येच बगदादला गेले. अम्मानहून एअर इंडियाची विमानं १३ ऑगस्टपासून सुरू झाली. ५९ दिवस, ४८८ उड्डाणं, १,११,७११ प्रवासी. नागरी विमानांनी केलेली इतकी मोठी सुटका त्याआधी कुणी केली नव्हती, आणि गिनेस बुकात तिची नोंद आहे. इराकवर संयुक्त राष्ट्रांचे व्यापारी निर्बंध होते, त्यामुळे अडकलेल्या लोकांसाठी धान्य पाठवायलाही सुरक्षा परिषदेच्या समितीची परवानगी लागली. ती मिळवून ‘विश्वसिद्धी’ हे भारतीय जहाज रवाना झालं. केंद्रीय मंत्री के. पी. उण्णिकृष्णन यांच्याकडे सुटकेच्या कामाची देखरेख होती. परराष्ट्र खात्यात आखाती देशांचं काम पाहणारे सहसचिव होते के. पी. फेबियन. विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार तेव्हा मंडलच्या वादळात सापडलं होतं, आणि नोव्हेंबरात पडलंही. त्या सरकारने दुसरं काय साधलं यावर भांडा, पण हे काम त्याच्या काळात झालं.

म्हणून २०१६मध्ये परराष्ट्र खातं चिडलं ते स्वाभाविक होतं. खात्याचे प्रवक्ते विकास स्वरूप यांनी जाहीरपणे सांगितलं की चित्रपटाने बरंच स्वातंत्र्य घेतलं आहे. (त्यांच्याच कादंबरीवरून ‘स्लमडॉग मिलियनेअर’ झाला होता, सिनेमावाले पुस्तकाचं काय करतात हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.) माजी परराष्ट्र सचिव निरुपमा राव यांनीही नाराजी नोंदवली. फेबियन यांनी तर त्या दिवसांचा तपशीलच मांडला. उलट बाजूने, कुवेतमधला दूतावास बसऱ्याला हलला आणि आम्ही वाऱ्यावर पडलो, असं सांगणारे लोकही होते, आणि त्यांचा राग बनावट नव्हता. परदेशी दूतावास बंद करा, असा इराकचाच हुकूम होता, हे कारण अडकलेल्या माणसाला काय समाधान देणार? दिल्लीत टेलेक्स धडधडत असेल, पण कुवेतमधल्या रिकाम्या इमारतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कुलूपच दिसतं.

असा तंटा आपल्याकडेच झाला असं नाही. ‘आर्गो’ आठवा. १९७९-८०मध्ये तेहरानमध्ये सहा अमेरिकनांना कॅनडाच्या राजदूताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आसरा दिला. २०१२च्या चित्रपटात सगळं श्रेय अमेरिकी गुप्तहेराकडे सरकलं. कॅनडात ओरड झाली, तेव्हा बेन ॲफ्लेकने शेवटच्या पाटीवरचा मजकूर बदलला. गंमत बघा: तिथे सरकारी माणूस नायक झाला आणि मदत करणारे शेजारी मागे पडले, आपल्याकडे व्यापारी नायक झाला आणि सरकारी माणूस खलनायकाच्या आसपास गेला. ज्या प्रेक्षकाला जे ऐकायला आवडतं, ते.

पण माझी तक्रार श्रेयाच्या वाटपाची नाही. चित्रपटाने एक मिठी गाळली, ही माझी तक्रार आहे.

गुजराल बगदादला गेले तेव्हा सद्दाम हुसेनने त्यांना मिठी मारली, आणि तो फोटो जगभर छापून आला. एका देशाने शेजारचा देश गिळला आहे, आणि तिसऱ्या देशाचा परराष्ट्रमंत्री गिळणाऱ्याच्या मिठीत आहे. भारताने इराकचा स्पष्ट शब्दांत निषेध करायला वेळ लावला. कारण उघड होतं: एक लाख सत्तर हजार माणसं त्या राजवटीच्या मुठीत होती, इराककडून तेल येत होतं, आणि बगदादशी जुनी मैत्री होती. बसना वाट मिळाली, चौक्यांवरून भारतीयांना पुढे जाऊ दिलं गेलं, यात त्या मैत्रीचा वाटा होता.

आणि कुवेती माणसाला त्या फोटोने काय वाटलं असेल? त्याचं आपल्याशी नातं काल-परवाचं नव्हतं. तेल सापडण्याआधी कुवेती बूम गलबतं खजूर घेऊन मुंबईला आणि मलबारला यायची, लाकूड घेऊन परत जायची. १९६१मध्ये कुवेती दिनार आला, तोवर तिथे रुपया चालत होता. शेवटची दोन वर्षं रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या छापलेल्या नोटा. हिंदी सिनेमा तिथे आपल्या लोकांइतकाच कुवेतींनीही पाहिला, अरबी उपशीर्षकं वाचत. अशा घरोब्याच्या माणसाने आपल्या पडत्या काळात लुटारूची गळाभेट घ्यावी, हे लागणारच. मुक्त झालेल्या कुवेतशी संबंध पूर्ववत व्हायला भारताला कष्ट पडले.

हा खरा पेच होता, आणि यात केवढं नाट्य आहे! आपल्या माणसांना सोडवायचं असेल तर ज्याने त्यांना अडकवलं त्याच्याशी हसून बोलावं लागतं, आणि ज्याच्या घरात ती माणसं राहत होती तो दुखावतो. चांगला नट मिळाला असता तर त्या एका प्रसंगावर चित्रपट उभा राहिला असता. पण ‘एअरलिफ्ट’ला निर्मळ नायक हवा होता. त्यासाठी सरकार ढिम्म दाखवणं सोयीचं ठरलं, कारण ढिम्म सरकारला नैतिक पेच पडत नाही.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण मला ती जास्त टोचते. चित्रपटात जॉर्ज कुट्टी नावाचं एक पात्र आहे. प्रत्येक निर्णयात खोट काढणारा, कुरकुरणारा, सगळ्यांच्या डोक्याला ताप झालेला माणूस. प्रकाश बेलवाडी यांनी तो इतका अचूक केला आहे की प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीत एक जॉर्ज कुट्टी आहे, हे तुम्ही हसत कबूल कराल. निम्रत कौरच्या तोंडी त्याला सुनावण्याचा प्रसंग येतो, आणि तो चित्रपटातला तिचा सर्वांत चांगला प्रसंग आहे. पण जरा थांबून बघा. ज्या सुटकेत मॅथ्यूज मल्याळी, फेबियन मल्याळी, उण्णिकृष्णन मल्याळी, तिच्या कथेत नायक कत्याल, अधिकारी कोहली, आणि मल्याळी कोण, तर तो कुरकुऱ्या. कुवेतमधल्या मल्याळी शेजाऱ्याशी हा विषय काढलात, तर तो अभिनयाबद्दल बोलण्याआधी हेच बोलेल. मॅथ्यूज २०१७मध्ये वारले. चित्रपट त्यांच्या हयातीत आला, एवढं तरी झालं.

मल्याळी सिनेमाने पुढच्याच वर्षी ‘टेक ऑफ’ काढला. २०१४मध्ये तिकरितला अडकलेल्या परिचारिकांची ती गोष्ट. तिथेही सुटका आहे, राजदूत आहे, बंदुका आहेत. पण कथा पार्वतीने केलेल्या परिचारिकेची आहे: कर्ज, मोडलेलं लग्न, पोटातलं मूल, आणि तरीही परदेशी जायची निकड. मुळात माणूस तिथे का गेला हे ‘एअरलिफ्ट’ला विचारावंसं वाटत नाही, ‘टेक ऑफ’चा निम्मा वेळ त्यातच जातो. पार्वतीला त्या वर्षी गोव्याच्या इफ्फीत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अक्षय कुमारला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘रुस्तम’साठी, परीक्षक मंडळाचे अध्यक्ष प्रियदर्शन यांनी मग सांगितलं की मंडळाने ‘एअरलिफ्ट’मधलं कामही विचारात घेतलं होतं. ‘रुस्तम’चं नाव छापलं जावं आणि ‘एअरलिफ्ट’चं नाही, हे मात्र मला शेवटपर्यंत पटलेलं नाही. (त्याच वर्षी सुवर्णकमळ ‘कासव’ला मिळालं, हे शुक्रवारच्या वादात कुणाच्या लक्षात नसतं.)

चित्रपट संपतो तिथे लोकांची गोष्ट संपली नव्हती. मुंबईत उतरलेल्या माणसाच्या हातात एखादी बॅग होती आणि बहुतेकांच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं. १९९१मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात भरपाई आयोग नेमला. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात ज्यांना कुवेत किंवा इराक सोडावं लागलं त्यांना ठरावीक रक्कम मिळणार होती. त्यासाठी अर्ज भरायचे. पैसा इराकच्या तेलविक्रीतून यायचा होता, त्यामुळे हातात यायला वर्षं गेली. केरळमध्ये, आणि आपल्या रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतही, आखातातून परतलेल्यांच्या घरी त्या अर्जांची चर्चा चालायची. आयोगाने शेवटचा हप्ता कुवेतला दिला तो जानेवारी २०२२मध्ये. एकूण भरपाई ५,२०० कोटी डॉलरच्या पुढे गेली.

मला विचाराल तर पुढचा चित्रपट अम्मान विमानतळावरच्या टेबलामागून काढावा. पलीकडे संपत नसलेली रांग, पासपोर्ट नाही, कागद नाही, आणि अलीकडे एक कारकून प्रत्येकाला नाव, गाव आणि बापाचं नाव विचारून शिक्का मारतो आहे. दिवसाला दोन हजार शिक्के. त्या कारकुनाच्या भूमिकेत गिरीश कुलकर्णी. तुमच्या मनात दुसरं नाव असेल, आणि ते चुकीचं आहे हे मी कुठल्याही शुक्रवारी सिद्ध करायला तयार आहे.