वैमानिक खाली उतरला तेव्हा : ड्रोनच्या कायद्याची २४० वर्षे

मे २०१४. लोअर परळमधून निघालेला एक पिझ्झा मुंबईची वाहतूक टाळून, चार पंख्यांच्या एका यंत्राला लटकत, वरळीतील एका उंच इमारतीच्या गच्चीवर उतरला. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली, लोकांना मौज वाटली आणि पाठोपाठ मुंबई पोलिसांनी विचारणा केली : या उड्डाणाला परवानगी कोणी दिली होती? परवानगी कोणीच दिली नव्हती. त्याहून अडचणीची गोष्ट अशी, की अशा उड्डाणासाठी ती मागावी कशी, याची रीतसर वाटच तेव्हा आखलेली नव्हती.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढली. नियम तयार होईपर्यंत कोणत्याही बिगरसरकारी संस्थेने वा व्यक्तीने, कोणत्याही कारणासाठी, मानवरहित विमान उडवू नये.

‘तंत्रज्ञान पुढे गेले आणि कायदा मागे राहिला’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. ड्रोनच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाचा उल्लेख आंतरराष्ट्रीय कायद्यात १९२९ सालीच आला होता, जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, त्याच वर्षी. यंत्र कायद्याला अपरिचित नव्हते. न उलगडलेला प्रश्न वेगळाच होता : विमानात माणूसच नसेल, तर जाब विचारायचा कोणाला?

या प्रश्नाचा आरंभ पॅरिसमध्ये होतो. नोव्हेंबर १७८३ मध्ये माँगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून माणूस प्रथमच मोकळ्या आकाशात गेला आणि पुढच्या काही महिन्यांत फुगे उडवण्याचे वेडच लागले. गरम हवेच्या फुग्याखाली जाळ पेटलेला असे. माणसाविना सोडलेला असा फुगा वाऱ्याबरोबर जाऊन कोणाच्या छपरावर वा उभ्या पिकावर पडेल, याचा नेम नसे. २३ एप्रिल १७८४ रोजी पॅरिसचे पोलीसप्रमुख लनुआर यांनी पूर्वपरवानगीविना फुगे उडवण्यास मनाई केली. हवाई वाहतुकीचा जगातला पहिला नियम म्हणून बहुधा याच आदेशाकडे बोट दाखवले जाते. हा नियम उडणाऱ्याच्या रक्षणासाठी नव्हता. खाली राहणाऱ्यांच्या रक्षणासाठी होता.

१८२२ सालचा न्यूयॉर्कचा खटला तर याहून रंजक आहे. गिल नावाचा एक फुगेवाला स्वान नावाच्या माणसाच्या भाजीच्या मळ्यात उतरला. फुग्याने त्याला बटाट्या-मुळ्यांच्या वाफ्यांवरून फरफटत नेले, त्याने मदतीसाठी हाका मारल्या आणि दोनशेहून अधिक बघे कुंपण मोडून आत घुसले. फुग्याने केलेले नुकसान सुमारे १५ डॉलरचे. उरलेली नासधूस गर्दीच्या पायांनी केली. गर्दीचा भुर्दंड आपण का सोसावा, असा गिलचा युक्तिवाद होता. न्यायालयाने त्याच्यावरील ९० डॉलरची पूर्ण भरपाई कायम केली. फुगा हवा तिकडे वळवता येत नाही हे ठाऊक असून जो वर गेला, त्याने खाली जमणारी गर्दीही हिशेबात धरायला हवी होती, हा त्यामागचा विचार. दोनशे वर्षांपूर्वीचा हा निकाल आजच्या ड्रोनमालकांनी आवर्जून वाचावा असा आहे.

पण गिल सापडला, कारण तो फुग्यासोबतच खाली आला होता. पुढे विमान आले तेव्हाही ही सोय टिकून राहिली. विमान पडले तर प्रथम वैमानिकाच्या जिवाशी गाठ. तो दारू पिऊन उडणार नाही, वादळात शिरणार नाही, इंधन न पाहता निघणार नाही, याची सर्वांत मोठी हमी परवान्याच्या कागदात नव्हतीच. ती त्याच्या स्वतःच्या जिवात होती. हवाई सुरक्षेच्या साऱ्या इमारतीला या एका तारणाचा पाया होता, आणि तो इतका स्वाभाविक वाटत असे, की कोणी तो वेगळा लिहूनही ठेवला नाही.

पहिल्या महायुद्धात आकाशातून बॉम्ब पडले आणि आकाश सर्वांचे असावे हा उदार विचार मागे पडला. १३ ऑक्टोबर १९१९ च्या पॅरिस कराराने प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता मान्य केली. विमानाला नोंदणी क्रमांक आणि वैमानिकाला प्रमाणपत्र ही पद्धतही त्यातून रुळली. याच करारात १९२९ साली दुरुस्ती झाली : वैमानिकाविना उडू शकणारे विमान विशेष परवानगीखेरीज परक्या देशावरून नेता येणार नाही. रेडिओवर चालणाऱ्या विमानांचे लष्करी प्रयोग तोवर सुरू झालेले होते. १९३५ मध्ये ब्रिटनने तोफखान्याच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ हे वैमानिकाविना उडणारे विमान आणले. राणीमाशी आली म्हणून पुढच्या अशा यंत्रांना नर मधमाशीचे नाव, म्हणजे ड्रोन, पडले असे मानले जाते.

७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या शिकागो कराराने ती तरतूद आठव्या कलमात उचलली. आजही जगाची नागरी हवाई वाहतूक याच कराराखाली चालते. उत्तर मात्र तेच राहिले : विशेष परवानगी. ती कोणत्या कसोटीवर द्यायची, हे प्रत्येक देशाने आपापले ठरवायचे. पुढची सत्तर वर्षे कोणाला फारशी घाईही नव्हती.

भारताचा १९३४ चा विमान अधिनियम या दृष्टीने चाळण्यासारखा आहे. त्यातील ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत फुगे, हवाई जहाजे, ग्लायडर यांच्या पंक्तीत चक्क पतंगही बसवलेला होता. संक्रांतीला गच्चीवर उभे असलेले अर्धे गाव या हिशेबाने वैमानिक ठरते! याच अधिनियमाच्या सतराव्या कलमाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी ठरेल अशा उंचीवरून विमान गेले, तर केवळ त्या कारणावरून जमीनमालकाला अतिक्रमणाचा दावा लावता येणार नाही.

‘वाजवी उंची’ म्हणजे किती? त्याचा कस अमेरिकेत लागला, तोही कोंबड्यांवरून. उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरोजवळ कॉझबी दांपत्याचा २.८ एकरांचा मळा होता. युद्धकाळात लष्करी विमाने त्यावरून अवघ्या ८३ फुटांवरून जाऊ लागली. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मेल्या, सुमारे १५०, आणि धंदा बसला. सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या. जमीन ज्याची त्याचे आकाश थेट स्वर्गापर्यंत, हे जुने सूत्र आधुनिक जगात चालणार नाही. मात्र जमिनीलगतच्या, मालकाच्या उपभोगात असलेल्या हवेवर त्याचा हक्क राहतो. दोहोंमधली रेषा न्यायालयाने आखली नाही. नेमक्या त्याच न आखलेल्या पट्ट्यात आजचे ड्रोन उडतात.

या पट्ट्याला पहिले माप मिळाले ते हौशी लोकांमुळे. १९८१ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने खेळण्यातली विमाने उडवणाऱ्यांना सल्ला दिला की ४०० फुटांच्या वर जाऊ नका. माणसांची विमाने सर्वसाधारणपणे ५०० फुटांखाली येत नसत. मधले शंभर फूट ही मोकळी सोडलेली जागा. भारतासह अनेक देशांच्या नियमांत आज दिसणारी ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटरची मर्यादा याच हिशेबाची आहे.

मग मोबाइल फोनने जग बदलले. फोनसाठी बनलेले छोटे संवेदक, हलक्या बॅटऱ्या आणि कॅमेरे स्वस्त झाले आणि तेच सुटे भाग चार पंख्यांच्या यंत्रात जाऊन बसले. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात दिसणारे उडते यंत्र आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या कंपनीने पुरवले होते. हौस आणि धंदा यांतली भिंत येथेच ढासळली. अमेरिकेच्या प्रशासनाने २००७ मध्ये ठरवले होते की हौशी उड्डाणाला जुना सल्ला पुरे, धंद्याच्या उड्डाणाला मात्र परवानगी हवी. परिणामी तेच यंत्र, तीच उंची, तोच मनुष्य. पैसे घेतले की बेकायदा. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचे जाहिरातचित्रण करणाऱ्या राफाएल पिरकर यांना १०,००० डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. मार्च २०१४ मध्ये एका न्यायाधीशाने तो रद्द केला : खेळण्याला विमान म्हणायचे, तर उद्या कागदी बाणही विमान ठरेल. नोव्हेंबरमध्ये वरच्या मंडळाने तो निकाल फिरवला. हवेत उडणारे साधन ते विमानच, मग त्यात माणूस असो वा नसो. भारतात हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. जेथे पतंगही विमान, तेथे ड्रोनची काय कथा.

व्याख्या पक्की असली तरी प्रश्न सुटला नव्हता. २०१४ च्या बंदीनंतरची चार वर्षे भारतीय कायद्याच्या इतिहासात विचित्रच म्हणावी लागतील. कागदावर संपूर्ण मनाई, आणि लग्नाच्या मांडवावर ड्रोन घिरट्या घालतोय. दुसरीकडे सरकारलाही यंत्राचा उपयोग पटत होता. पुरंदर तालुक्यातील सोनोरीच्या गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली आणि पुढे २०२० मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेची वाट त्यातून निघाली. सरसकट बंदीचा मोठा तोटा असा, की तिच्यात उडवणारा लपतो. क्रमांक नाही, नोंद नाही, विमा नाही. यंत्र कोणाच्या डोक्यावर पडले तर हात वर करायला सगळे मोकळे.

ऑगस्ट २०१८ मध्ये नियम आले आणि १ डिसेंबरपासून लागू झाले. वजनानुसार पाच वर्ग पाडले गेले : २५० ग्रॅमपर्यंतचा ‘नॅनो’ ते १५० किलोच्या वरचा ‘मोठा’. उड्डाण दिवसा आणि नजरेच्या टप्प्यात. सर्वांत धाडसी कल्पना होती ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ ही : सरकारी संगणक प्रणालीचा होकार आल्याखेरीज ड्रोनचे पंखे फिरणारच नाहीत, असे कुलूप यंत्राच्या आतच बसवायचे. वैमानिकाच्या जिवाचे तारण गेले होते. त्याच्या जागी हे कुलूप आणण्याचा तो प्रयत्न होता.

ते नियम लागू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने साऱ्या जगाला धडकी भरवली. १९ ते २१ डिसेंबर २०१८ या काळात धावपट्टीजवळ ड्रोन दिसल्याच्या वार्तांमुळे सुमारे १,००० उड्डाणे कोलमडली, १,४०,००० प्रवासी अडकले. संशयावरून पकडलेल्या दोघांना आरोप न ठेवता सोडावे लागले आणि पुढच्या वर्षी तपास बंद झाला. गुन्हेगार सापडला नाहीच. १८२२ च्या गिलला निदान फुग्याने स्वतःच आणून हजर केले होते. ब्रिटनने विमानतळांभोवतीचा मनाई पट्टा वाढवला आणि वर्षभरात ड्रोनमालकांची नोंदणी सक्तीची केली.

भारतात २०२१ साली घडले ते याहून अनपेक्षित. मार्चमध्ये आलेले नवे नियम परवान्यांनी आणि अर्जांनी इतके जड होते, की उद्योगाने डोक्याला हात लावला. २७ जूनच्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. आता फास आवळला जाणार, असेच कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात २५ ऑगस्टला आलेले ‘ड्रोन नियम, २०२१’ कितीतरी सैल निघाले. अर्ज २५ वरून ५ वर आले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग पडले; हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागेनाशी झाली. यंत्रातले कुलूप ‘पुढे अधिसूचित होईल तेव्हा’ या सदरात गेले.

मात्र दोन गोष्टी सुटल्या नाहीत. प्रत्येक ड्रोनला ओळख क्रमांक, आणि नॅनो वगळता सर्वांना त्रयस्थाच्या हानीचा विमा. हा विमा चालावा कसा, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील तरतुदींप्रमाणे. आकाशातल्या यंत्राला रस्त्यावरच्या गाडीचा कायदा लागला, हे विनोदी वाटले तरी शहाणपणाचे आहे. मोटारीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला जसा चालक शोधत फिरावे लागू नये, तसेच ड्रोन अंगावर पडलेल्याला. व्यावसायिक उड्डाणासाठी अठरा वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण हेही ठरले.

सुरक्षेची दुसरी बाजू मात्र विमानतळांपासून दूर, कापसाच्या रानात आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. पाठीवर पंप, तोंडाला जेमतेम फडके, डोक्याच्या वर गेलेले पीक आणि श्वासातून आत जाणारे विष. विमानातून माणूस उतरवणे कायद्याला अडचणीचे वाटले. फवाऱ्याखालून माणूस काढणे हे जीव वाचवणे होते.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोन-फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. त्यामागे उभा असलेला जुना आधार १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला आहे. पिकांवर औषध फवारणाऱ्या, आत माणूस बसलेल्या विमानांसाठी तो लिहिला गेला होता. फवारणीचे क्षेत्र आखून घ्यावे, किमान २४ तास आधी लोकांना जाहीर सूचना द्यावी, ठरावीक काळ गुरे आणि माणसे त्या रानात जाऊ देऊ नयेत. आणि वैमानिकाने उड्डाणाखेरीज आणखी एक गोष्ट शिकलेली असावी : हे विष माणसाच्या अंगात गेले, तर त्याची लक्षणे काय दिसतात.