घरातला ड्रम, पावण्यातली भिंत : एका वाद्यातून संशोधनप्रश्न कसा काढायचा

‘घरी शिकायला इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्यायचाय, कुठला घेऊ?’ हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा असतो. ‘घरात ड्रम वाजवता येईल असं लोकांना वाटायला लागलं ते कधीपासून?’ हा मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न एकाच वस्तूबद्दलचे. पहिल्याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं, दुसऱ्यावर प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहू शकतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांपैकी बरेच जण विचारतात की विषय ‘सापडतो’ कसा. म्हणून आज एक वस्तू, एक गाव आणि एक प्रश्न घेऊन तो प्रवास करून बघू. वस्तू म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि गाव म्हणजे नवी मुंबईतलं पावणे.

ड्रम घरात नव्हता, कारण…

आपल्याकडे तालवाद्यांची जागेनुसार वाटणी फार जुनी आहे. तबला, पखवाज, ढोलकी ही बैठकीत, देवळात, फडात बसतात. ढोल, ताशा, संबळ ही मोकळ्या जागेची वाद्यं. आज ज्याला आपण ‘ड्रम सेट’ म्हणतो तो या वाटणीत कुठेच बसत नव्हता. मुळात तो अमेरिकेत घडला. एकाच माणसाने हाताने आणि पायाने अनेक ढोल वाजवायचे, ही त्यातली युक्ती. विल्यम लडविगने १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या पायाच्या पेडलमुळे ती सोपी झाली. मुंबईत हे वाद्य रुजलं ते जॅझबरोबर. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, आणि पुढच्या काळात गोव्याच्या व पारशी वादकांनी हा बाज हॉटेलांतून चित्रपटांच्या स्टुडिओंत नेला. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोवेकर ट्रम्पेटवादक आणि आपले सी. रामचंद्र यांचा ‘अलबेला’ १९५१ चा. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केर्सी व बुजी ही तालवादकांची पिढी याच वातावरणातली.

आता एक गोष्ट बघा. हॉटेल, स्टुडिओ, चर्चचा हॉल या सगळ्या मोठ्या किंवा बंदिस्त जागा. चाळीत, गावठाणात, दोन खोल्यांच्या घरात ड्रम सेट ठेवायला जागा नव्हती आणि वाजवायला मुभाही नव्हती. मग ड्रमर व्हायचं कुणी? ज्याला अशा एखाद्या जागेत शिरकाव होता त्याने. वाद्याचा आवाज आणि समाजातली जागा यांचा संबंध इथे दिसायला लागतो. आपला संशोधनप्रश्न इथूनच डोकं वर काढतो.

कंपनीने सांगितलेला इतिहास

इंटरनेटवर शोधलं तर इलेक्ट्रॉनिक ड्रमची गोष्ट साधारण अशी मिळते : इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा षटकोनी पॅडचा एसडीएस-५ हा सेट १९८१ चा. पॅड इतके कडक की वादकांची मनगटं दुखायची. १९८३ मध्ये मिडी ही वेगवेगळ्या वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी समाईक भाषा आली. १९८५ मध्ये जपानच्या रोलँडने ऑक्टापॅड, म्हणजे पॅड-८ काढला. आठ रबरी चौकोन, पण त्याच्या पोटात स्वतःचा आवाज एकही नाही. तो फक्त दुसऱ्या यंत्राला ‘वाजव’ असं सांगायचा. १९९७ मध्ये त्याच कंपनीच्या टीडी-१० बरोबर जाळीचे पॅड आले. खऱ्या चामड्यासारखी उसळी आणि आवाज अगदी कमी. मग स्वस्त सेट आले, आणि ड्रम घरात शिरला.

गोष्ट खोटी नाही. पण ती कारखान्यातून बाहेर बघणारी आहे. वस्तू कधी बनली हे ती सांगते. ती आपल्याकडे कुणाच्या हातात गेली आणि त्याने तिचं काय केलं, हे त्यात नाही. संशोधनात या फरकाला फार किंमत आहे. उत्पादनाची तारीख आणि वापराची तारीख यांत कधी कधी दहा-पंधरा वर्षांचं अंतर असतं. आपलं काम बहुतेकदा त्या अंतरातच असतं.

आपल्याकडे तो आधी मांडवात गेला

महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक पॅड लोकांना पहिल्यांदा दिसला तो घरात नाही. तो दिसला ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर, नवरात्राच्या मांडवात, गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या हळदीत. मुंबई-ठाणे-रायगडात ज्याला ‘बेंजो पार्टी’ म्हणतात, तिच्यातला बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा भाऊबंद. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतोमध्ये आहे, आणि ते वाद्य १९१२ मध्ये नागोयात तयार झालं. त्याच्या जोडीला कीबोर्ड आला, आणि ढोलकी-ताशाच्या शेजारी ऑक्टापॅड उभा राहिला. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये शेकडो आवाज आतच भरलेले होते. एक माणूस, एक स्टँड, एक पॅड आणि समोर मोठे स्पीकर. इथे या वाद्याचा उपयोग आवाज वाढवण्यासाठी झाला. ‘ऑक्टापॅड’ हे एका मॉडेलचं नाव आपल्याकडे सगळ्याच पॅडना लागलं, हाही एक पुरावाच आहे. वस्तू रुळली की तिचं नाव सामान्य होतं.

याची किंमत कुणी मोजली? ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या पुस्तकासाठी मुंबईच्या स्टुडिओ वादकांच्या मुलाखती घेतल्या. सिंथेसायझर, संगणक आणि वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत आल्यावर मोठ्या वाद्यवृंदाचं काम कसं आटत गेलं, ते त्यात वाचायला मिळतं. एका पॅडमध्ये ढोलकी, तबला, कोंगो सगळं मावलं, म्हणजे तेवढ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. दुसरीकडे, ज्या मुलाला स्टुडिओचं दार कधीच उघडलं नसतं, त्याला हाच पॅड खांद्यावर टाकून सीझनमध्ये कमाई करता आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चांगल्या प्रबंधात त्या दोन्ही मांडाव्या लागतात. एकच बाजू धरली की ते गाऱ्हाणं तरी होतं, नाहीतर जाहिरात.

‘पहिला’ या शब्दापासून सावध

१९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रं, म्हणजे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने त्याची रेकॉर्ड काढली. तेव्हा तिची फारशी चर्चा झाली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर गाजली : ‘ॲसिड हाउस’ हा प्रकार शिकागोच्या आधी मुंबईत जन्मला!

ऐकायला छान वाटतं. पण संशोधक म्हणून इथे थांबायचं. आवाज सारखा आहे हे एक विधान. एकातून दुसरा जन्मला हे दुसरं विधान. पहिल्यासाठी कान पुरतात. दुसऱ्यासाठी ती रेकॉर्ड शिकागोत कुणी ऐकली होती याचा पुरावा लागतो. चरणजित सिंग यांचं काम १९८२ च्या मुंबईत ठेवून वाचलं, म्हणजे ‘डिस्को डान्सर’चं वर्ष, नवी जपानी यंत्रं आणि रागांची ओळख असलेला स्टुडिओ वादक, तर ते जास्त रंजक होतं. ‘पहिला’ ठरवण्याच्या नादात ‘कसा’ आणि ‘कुणासाठी’ हे प्रश्न हातातून निसटतात. व्हायव्हामध्ये नेमकं तिथेच पकडतात.

पावणे का?

आता गावाकडे येऊ. ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं पावणे हे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि या पट्ट्यात कारखाने आले. १९७० मध्ये सिडको आली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. १९९२ पासून महापालिका आहे. शेती आणि मिठागरं गेली, गावठाण राहिलं. घरं वर वाढली, भिंतीला भिंत लागली. एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्या, मध्ये देऊळ आणि मांडव.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागाला ७५ आणि ७० ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. पावण्यासारख्या ठिकाणी हे दोन्ही आकडे हाकेच्या अंतरावर राहतात. कारखान्याचा आवाज विकासाचा, हळदीचा आवाज परंपरेचा, आणि खोलीत सराव करणाऱ्या मुलीचा आवाज मात्र ‘कटकट’. कुठला आवाज सहन करायचा हे कोण ठरवतं? घरातल्या ड्रमचा इतिहास खरं तर या प्रश्नाचा इतिहास आहे.

सेट निवडताना इतिहास कामाला येतो

आता सरळ व्यवहाराचं बोलू, कारण वस्तू हाताळल्याशिवाय तिच्यावर लिहू नये.

पॅडखाली एक छोटी पिझो चकती असते. आघात झाला की ती विजेचा सूक्ष्म झटका देते, मॉड्यूल त्याची ताकद मोजतं आणि साठवलेला आवाज काढतं. म्हणजे हेडफोन लावला की वादकाला ड्रम ऐकू येतो आणि शेजाऱ्याला फक्त काठीची टकटक. रबरी पॅडवर ती टकटक जास्त, जाळीच्या पॅडवर कमी. म्हणून भिंतीला भिंत असेल तर निदान स्नेअर तरी जाळीचा घ्यावा. मॉड्यूलमध्ये किती आवाज आहेत यापेक्षा हे महत्त्वाचं.

खरी अडचण मात्र पायाची. किक पेडलचा ठोका हवेतून जात नाही, तो स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. हेडफोनने तो थांबत नाही. त्यावर जगभरचे वादक एक घरगुती उपाय करतात : प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून चौथरा करायचा आणि सेट त्यावर ठेवायचा. कंप बराचसा चेंडूंतच जिरतो. तळमजल्यावर असाल तर जाड सतरंजी किंवा रबरी मॅटवरही काम भागतं.

मांडणीचा क्रम असा : आधी मॅट, मग स्टूल. मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या राहतील एवढी स्टुलाची उंची ठेवा. मग किक आणि स्नेअर, मग हाय-हॅट, शेवटी टॉम आणि झांजा. वाद्य शरीराजवळ आणायचं, शरीर वाद्याकडे ताणायचं नाही. केबल जोडल्यावर एकेक पॅड हळू आणि जोरात वाजवून बघा. हळू वाजवलेलं उमटत नसेल तर सेन्सिटिव्हिटी वाढवा. एक वाजवल्यावर दुसराच बोलत असेल तर थ्रेशोल्ड वाढवा. स्टूल, पेडल, हेडफोन बऱ्याचदा वेगळे घ्यावे लागतात, तो खर्च आधीच धरा. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला ४० तासांसाठी सुरक्षित पातळी ८० डेसिबल आहे. पावसाळ्यात खाडीकडचा दमट वारा असतो, तेव्हा सेट झाकून ठेवा.

प्रश्न घट्ट कसा करायचा

‘इलेक्ट्रॉनिक ड्रमचा इतिहास’ हा विषय मार्गदर्शक पहिल्याच भेटीत परत करतील. त्याऐवजी असं म्हणा : ‘१९८५ ते २०१० या काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या हळदी-नवरात्राच्या वाद्यमेळात ऑक्टापॅड कसा रुजला, आणि त्याने वादकांच्या कामाची वाटणी कशी बदलली?’ काळ आहे, जागा आहे, वस्तू आहे, बदल आहे.

साधनं कुठली? अभिलेखागारात यातलं फारसं मिळणार नाही. घराघरांतल्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी बघा. तारीख पत्रिकेवरून पक्की करता येते आणि कॅमेरा एकदा तरी वादकांवरून फिरतोच. नवरात्र मंडळांचे वार्षिक हिशेब बघा. ‘वाद्य’ या रकान्यापुढचा आकडा आणि नाव वर्षागणिक बदलत जातं. ‘झंकार बीट्स’च्या कॅसेटींची वेष्टनं बघा, वादकाचं नाव बहुधा नसतं आणि ते नसणं हीच नोंद. वादकांच्या मुलाखती घ्या, संमती लेखी घ्या. ‘आमच्याकडेच पहिला ऑक्टापॅड आला’ असं तिघांनी सांगितलं तर तिघांपैकी खरा कोण हे शोधत बसू नका. प्रत्येकाला पहिलं असणं का हवंय, ते लिहून घ्या. आणि धवळे गाणाऱ्या धवळारणींना विचारायला विसरू नका. पॅडचा आवाज वाढला तेव्हा त्यांच्या गाण्याला जागा किती उरली, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

या आठवड्यासाठी एक काम. तुमच्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एका वाद्याची निवड करा आणि एका पानावर तीन तारखा लिहा : ते बनलं कधी, तुमच्याकडे आलं कधी, आणि ते वाजवण्यावरून पहिलं भांडण झालं कधी. तिसरी तारीख शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. शोधनिबंधाची सुरुवात बहुतेकदा तिच्यातूनच होते.