चिकित्सेचा तिसरा पाद



माउलींची पालखी दरवर्षी आपल्या वेळापुरी मुक्कामास येते. वारकऱ्यांचे पाय चेपावेत, त्यांना दोन घास घालावेत, ही आपली जुनी रीत. पण दुखऱ्या गुडघ्यांसाठी उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याच्या जठरात व्रण होतो आणि तो अकस्मात रक्त ओकू लागतो. सोलापूर येथून सुमारे शंभर किलोमीटर. मग तो पहिला तास कोणाच्या हाती असतो? पुष्कळदा परिचारिकेच्या. तिच्या विद्येचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

हा विकार आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. चरकसंहितेत रक्तपित्ताचे ऊर्ध्वग, अधोग असे भेद आहेत. त्याच ग्रंथात चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या ठायी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता हवी, असे तेथे म्हटले आहे. यात ज्ञान प्रथम आले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे मात्र समाजाने मायाच तेवढी पुरेशी मानली आणि परक्याची ओकारी काढणे हलके काम ठरविले.

हा समज मोडण्यास धैर्य लागले. 1909 साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यास सेवासदनाचे कार्य आरंभिले. सेवासदनाने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. ज्या विधवेला घराचा कोपरा नेमून दिलेला होता, ती रोग्याच्या उशाशी ताठ उभी राहिली. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने देशभर या शिक्षणाला समान मान लाभण्याची वाट खुली झाली.

इकडे वैद्यकही बदलत होते. 1957 साली बॅसिल हर्शोविट्झ यांनी जठरात उतरणारी लवचिक दुर्बीण पुढे आणली. आज तिच्यातूनच रक्तस्राव थांबविता येतो. परंतु दुर्बिणीपर्यंत रोगी जिवंत पोचला पाहिजे! त्यासाठी परिचारिकेला शिकविले जाते ते असे: रक्तदाब उतरण्याआधीच नाडी जलद होते, म्हणून नाडीवर लक्ष ठेवावे. ओकारी लाल की कॉफीच्या चोथ्यासारखी, शौच डांबरासारखे काळे आहे काय, हे वेळेसह टिपावे. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवावे. तोंडाने काही देऊ नये. दोन्ही हातांत जाड सुया बसवाव्यात, रक्तगटासाठी नमुना घ्यावा, आणि रक्त चढविण्यापूर्वी नाव व गट दोघांनी ताडून पाहावेत. अधिक रक्त म्हणजे अधिक हित, असेही नाही. बहुतेक रोग्यांत रक्त हात राखून दिल्यास ते अधिक वाचतात, असे 2013 साली बार्सिलोनातील वैद्यांनी दाखविले. विद्या अशी बदलते, म्हणून एकदा मिळालेले प्रमाणपत्र जन्मभर पुरत नाही. सराव पुन्हा पुन्हा करावा लागतो.

आपण दवाखान्याची इमारत मागतो, डॉक्टर मागतो, रुग्णवाहिका मागतो. आपल्या परिचारिकेला हा सराव शेवटचा केव्हा मिळाला, हे मात्र आपण कधी विचारीत नाही. चार पायांच्या बाजेचा एक पाय लुळा असेल, तर निजणारा पडणारच. तो तिसरा पाय भक्कम करणे हेही वारीच्या सेवेइतकेच पुण्याचे काम आहे.