रंग मुरतो कुठे?

शिरगावचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, हा इतिहास आपण वाचलेला असतो. याच किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या साहित्यालाही इतिहास आहे. मला तो रंगात दिसतो.

पूर्वी जाळी सुताची असत. समुद्राच्या पाण्यातले जिवाणू सूत कुजवतात. म्हणून ऐनासारख्या झाडांची साल उकळून त्या काढ्यात जाळी बुडवत. सालीतले टॅनिन धाग्यात मुरे आणि जाळे जास्त टिके. ते तांबूस दिसे, पण हेतू रंगाचा नव्हता, टिकवण्याचा होता. काही दिवसांनी काढा पुन्हा द्यावा लागे.

१९३५ मध्ये अमेरिकेत नायलॉन तयार झाले आणि स्वातंत्र्यानंतर त्याची जाळी आपल्याकडे रुळली. नायलॉन कुजत नाही. गरम पाण्यातला रंग मात्र घेते. पुढे बोये, पिंपे आणि दोर आले ते पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीनचे. अशा प्लास्टिकवरच्या संशोधनासाठी झीगलर आणि नाट्टा यांना १९६३ चे नोबेल मिळाले. हे प्लास्टिक मेणासारखे असते. त्यात रंग मुरत नाही. तो कारखान्यात, प्लास्टिक वितळलेले असतानाच मिसळावा लागतो. काळ्या बोयाला वरून भगवा रंग दिला, तर ऊन आणि लाटा त्याचे पापुद्रे काढतात. मग दुसऱ्या होडीला तो दुरून दिसत नाही आणि खालचे जाळे पंख्यात सापडते.

तारकर्लीसारख्या ठिकाणी पाण्याखाली उतरण्याची हौस आता वाढली आहे. मुखवटा आणि पायातले पंखे आवडीच्या रंगात रंगवावेत, असे तरुणांना वाटते. त्यांना मी हेच सांगतो. रंग टिकणार नाही. उलट पॉलिकार्बोनेटसारख्या कडक प्लास्टिकला थिनरने बारीक तडे जाऊ शकतात, आणि तडा पाण्याखाली जिवावर बेतू शकतो. शिवाय लाल रंग काही मीटर खोलीवरच काळपट दिसू लागतो. रंगाचा खरा उपयोग पाण्यावर, माणूस चटकन सापडावा म्हणून. तेव्हा हवा तो रंग विकत घेतानाच निवडावा.

सालीच्या काढ्यातले जाळे समुद्रात हरवले तर कालांतराने कुजून जाई. नायलॉनचे हरवलेले जाळे वर्षानुवर्षे मासे मारत राहते. टिकाऊपणा आपण मिळवला. हरवलेले जाळे शोधून परत आणण्याची जबाबदारीही त्याबरोबरच आली आहे.